कोर्टाची म्हैस

हिंगळसुरात बेगमबीचं घर विचारलं की पोरं हात करून सांगतात, "पुढं जावा, कोर्टाची म्हैस बांधलेली दिसंल, तेच घर." घराची खूण म्हैस आणि म्हशीची खूण कोर्ट. बेगमबीला ह्याचं आधी वाईट वाटायचं, मग राग यायचा. आता काहीच वाटत नाही. माणूस एका गोष्टीला किती दिवस चिडणार?

मूळ भानगड साधी होती. तिचा नवरा खाजामियाँ जिता होता तेव्हाची. पहाटं उठून बघितलं तर दावं कापलेलं आणि गव्हाणीवर म्हैस नाही. खाजामियाँ पोलिसात गेला, आणि नवल म्हणजे म्हैस सापडली, बाजारात, चोरासकट. पोलिसांनी ती परत दिली खरी, पण सुपुर्दनाम्यावर. म्हणजे कोर्टाला लिहून द्यायचं, की म्हैस आमच्याकडं नुसती ठेवायला दिली आहे. खटला मिटेपर्यंत विकणार नाही, कुणाला देणार नाही, तिचं रूप बदलणार नाही, बोलावलं की हजर करू. म्हैस खाजामियाँची, वैरण खाजामियाँची, शेण खाजामियाँचं, पण मालकी कोर्टाची. जामीन म्हणून शेजारच्या शरणबसप्पानं सही केली. "घरची म्हैस घरी आली, लिहून द्यायला काय जातंय," म्हणत खाजामियाँनं अंगठा उठवला आणि म्हैस हाकत घरी आला.

चोर जामिनावर सुटला आणि परागंदा झाला. खटला जागच्या जागी बसला. मग खाजामियाँ वारला आणि कोर्टानं त्याच्या जागी बेगमबीचा अंगठा घेतला. पण खटला बसला म्हणून म्हैस थोडीच बसून राहते? ती गाभण जाते, विते, आटते, म्हातारी होते. बेगमबी तिचं दूध हायवेवरच्या चहावाल्याला घालायची. त्यावरच तिचं पोट. म्हशीला रेडकं झाली, काही जगली, काही मेली. शेवटचं रेडकू मादी झालं, एक वगार, शेपटीचा गोंडा पांढरा असलेली. आईचाही तसाच होता.

मग ते लॉकडाऊनचं साल आलं. त्या उन्हाळ्यात म्हैस बसली ती उठलीच नाही. ढोरांचा डॉक्टर गावात फिरकत नव्हता, मेलेलं जनावर ओढून न्यायला माणूस मिळत नव्हता. शरणबसप्पानं बांधाच्या कडेला खड्डा काढला आणि दोघांनी मिळून म्हैस पुरली. कोर्टाला कळवायचं बेगमबीच्या डोक्यात आलं होतं. पण रस्त्यावर निघालं की पोलिस पायावर काठी घालत होते, आणि कोर्टाला तर कुलूप. कुलूप निघालं तोवर भीती शिरली. इतके दिवस का कळवलं नाही म्हणून विचारलं तर? तिनं गप्प राहायचं ठरवलं. वगार मोठी झाली, आईच्या जागेवर बांधली. लोकांना पांढरा गोंडा दिसत होता. लोक कोर्टाची म्हैस म्हणतच राहिले.

अशी बेगमबी मेलेल्या म्हशीपायी जित्या म्हशीला बांधली गेली. वगार तिचीच, पण विकायला काढली तर गाव म्हणणार, कोर्टाचा माल विकला. लेक तबस्सुम सोलापूरला. रोज फोनवर एकच, इकडं या. बेगमबीचे गुडघे धरलेले. उकिडवं बसून धार काढायची तर उठताना खांबाला धरून अल्लाचं नाव घ्यावं लागतं. तरी जाता येईना. म्हैस कुणाकडं टाकून जाणार? वर्षाकाठी एकदा ती तालुक्याच्या कोर्टात जाऊन विचारून यायची, आमचं काय झालं म्हणून. उत्तर ठरलेलं: "आरोपी मिळत नाही, आजी. मिळाला की कळवू."

आरोपी ह्या साली मिळाला. म्हणजे तो मेल्याचा दाखला मिळाला. पोलिस नोटीस घेऊन आला आणि ओट्यावर उभ्या उभ्या वाचून दाखवली. आरोपी मयत, खटला बंद, मुद्देमालाचा निकाल लावायचा आहे, तरी सुपुर्दनाम्यावर घेतलेली म्हैस घेऊन हजर राहावं.

"घिऊन?" बेगमबीनं विचारलं.

"घेऊन," पोलिस म्हणाला आणि दावणीकडं बघून म्हणाला, "टकाटक ठिवलीय की म्हैस. म्हातारी वाटतच न्हाय."

तो गेला आणि बेगमबी शरणबसप्पाच्या दारात जाऊन बसली.

शरणबसप्पा सत्तरीच्या घरातला, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बायकोच्या माघारी एकटाच हातानं भाकरी थापून खाणारा. बेगमबी त्याला आप्पा म्हणते, तो तिला भाभी म्हणतो. सगळं ऐकून तो म्हणाला, "सोपं हाय की. वगार न्यायची. गोंडा पांढरा हाय. तिथं कोण दात बघतंय?"

"आन् शिंग?"

म्हाताऱ्या म्हशीचं डावं शिंग टोकाला मोडलेलं होतं. पंचनाम्यात तसं लिहिलेलं होतं. वगारीची दोन्ही शिंगं धड.

आप्पानं कोपऱ्यातल्या हत्यारांकडं बघितलं. "करवत हाय माझ्याकडं."

"आप्पा, रूप बदलणार न्हाय म्हणून सही केलीया तुम्हीच."

"ती म्हाताऱ्या म्हशीसाठी केलती. वगारीचं कुठं लिवलंय?"

"मंग वगार कोर्टात कशाला नेऊ?" बेगमबी म्हणाली. "आज म्या वगार दावली, त्यांनी लिवून घेतलं, हीच ती म्हैस. उद्या म्हणले अजून एक तारीख हाय, तवर ठिवा. मंग ही बी त्यांचीच झाली का न्हाय? एक कोर्टानं खाल्ली. दुसरी म्या हातानं न्यून त्याच्या तोंडात देऊ व्हय?"

"अय्यो यव्वा. मंग नेणार काय?"

"नोटिशीत लिवलंय म्हैस घिऊन या. तीच नेते."

आप्पाला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, "भाभी, तुमचं डोस्कं फिरलंय."

पण सकाळी उन्हं चढायच्या आत टिकाव खोरं घेऊन तोच पुढं होता. काळी माती उन्हानं दगड झालेली. आप्पा चार घाव घालायचा आणि कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. बेगमबी खोऱ्यानं माती ओढायची आणि बसकण मारायची. दोघांच्या वयाचं काम नव्हतं ते. बराच वेळ काहीच लागेना तेव्हा आप्पा म्हणाला, "हितंच पुरलीय न्हवं? का कोर्टानं आधीच नेली?" मग टिकाव हाडावर वाजला. कवटी निघाली, दाढांसकट. शिंगांची टरफलं आतल्या हाडावरून सुटून हातात आली. बेगमबीनं ती चिंधीनं पुसली, डावं कुठलं उजवं कुठलं बघून पुन्हा हाडावर बसवली आणि सुतळीनं घट्ट बांधली. डाव्याचं टोक मोडकं होतं. ते तिनं अंगठ्यानं दोनदा चाचपून बघितलं. रडली बिडली नाही. खताच्या पोत्यात कवटी घातली, तोंड बांधलं, आणि हात धुवायला गेली.

एस्टीत कंडक्टरनं पायानं पोतं हलवून बघितलं. "आजी, काय हाय ह्यात?"

"म्हैस."

"मंग तिचं तिकीट?"

"कोर्टाची हाय. कोर्टाकडनं घे."

आप्पा खिडकीकडं तोंड करून बसला होता. ह्या बाईला आपण ओळखत नाही असं त्याला दाखवायचं होतं.

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली माणसं बसलेली. काळ्या कोटातले वकील, टायपिंगची टेबलं, उसाचा रस. मुद्देमालाचं ऑफिस मागल्या बाजूला. दाराशीच जप्त केलेल्या मोटारसायकली एकमेकींवर रेलून गंजत होत्या. एकीच्या सीटमधून गवत उगवलेलं. बेगमबी दर वर्षी ते गवत बघायची. ह्या खेपेला त्याला फूल आलं होतं.

आत कारकुनाची खुर्ची मोकळी. शिपाई म्हणाला, "भाऊसाहेब साहेबांकडं गेलेत, बसा." बसले. मग कळलं साहेबांकडं नाही, रेकॉर्डला गेलेत. मग रेकॉर्डवरनं आले आणि लगेच कुणीतरी हाक मारली म्हणून परत गेले. मध्ये लाइट गेली. पंखा थांबला, कॉम्प्युटर बंद पडला आणि रांगेतली सगळी माणसं एकदम सुस्कारली, जणू तेवढ्यापुरती ती एका घरची होती. एक बाई नवऱ्याची मोटारसायकल सोडवायची म्हणून आली होती. तिला सांगितलं, दुसऱ्या खिडकीला जा. ती म्हणाली, दुसऱ्या खिडकीनंच इकडं पाठवलंय. शिपाई म्हणाला, "मंग बसा." त्या ऑफिसात "बसा" हेच खरं उत्तर होतं, बाकीचं सगळं त्याला लावलेलं शेपूट.

बेगमबीनं भिंतीला पाठ लावून पाय लांब केले. गुडघ्यात कळ मारत होती. आप्पानं पान काढलं, मग इथं थुंकू नये असं लिहिलेलं बघून पुन्हा चंचीत ठेवलं. जेवणाची सुट्टी झाली. दोघांनी लिंबाखाली जाऊन भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. पोतं मध्ये ठेवलं होतं. एक कुत्रं येऊन पोत्याला हुंगायला लागलं, आप्पानं त्याला वहाण फेकून मारली. "चल हाट! मुद्देमाल हाय त्यो!"

सुट्टी संपल्यावर कारकून खरंच आला. कृष्णराज त्याचं नाव, पन्नाशीच्या आसपासचा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. सकाळपासून माणसांनी पिळून काढलेला चेहरा. त्यानं नोटीस घेतली, फाईल काढली, धूळ झटकली आणि वर न बघता म्हणाला, "म्हैस कुठं बांधलीय?"

"हितं हाय," बेगमबी म्हणाली.

"कुठं?"

तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि कवटी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

कृष्णराज खुर्चीसकट मागं सरकला. रांगेतली माणसं पुढं सरकली. मोटारसायकलवाली बाई "अगं आई" म्हणाली.

"आजी, काय हे!"

"म्हैस. तुम्ही घिऊन या म्हणला. आता हेवढीच राहिलीया."

"अहो टेबलावरनं खाली घ्या ती!"

"खाली कशाला, पुसलीया," आप्पा म्हणाला. आता इतकं झाल्यावर आपण ओळखत नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

कृष्णराजनं चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. "कधी मेली?"

"लॉकडाऊनला."

"आणि आज सांगताय? डॉक्टरचा दाखला कुठंय? पंचनामा? जनावर मेलं की कळवायचं असतं, आजी. सुपुर्दनाम्यावर अंगठा आहे तुमचा."

"तवा रस्त्यावर आलं की पोलिस मारत हुते, भाऊसाहेब. आन् कोर्टाला कुलूप हुतं."

"कुलूप निघाल्यावर?"

खोटं उत्तर शोधायचा बेगमबीला कंटाळा आला होता. "भ्याले," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल विकून खाल्ली. म्हणून गप बसले."

कृष्णराजनं फाईल उलगडली. आत एक फोटो चिकटवला होता, म्हैस परत देताना पोलिसांनी काढलेला. म्हैस पुरी आली होती, गोंड्यापासून मोडक्या शिंगापर्यंत. दावं धरणारा माणूस मात्र कोपरापर्यंतच आला होता. त्यानं फोटो कवटीजवळ धरला, शिंग बघितलं, फोटो बघितला.

बेगमबीनं वाकून बघितलं. "कोपर खाजामियाँचं हाय," ती आप्पाला म्हणाली. "सदरा बी त्योच, निळा." मग कृष्णराजला म्हणाली, "दावं नवं हुतं तवा. चोरानं जुनं कापलं म्हणून घेतलतं."

"शिंग तर तेच दिसतंय," कृष्णराज पुटपुटला. त्याच्या आवाजात आता राग राहिला नव्हता. एक नवीन काम वाढल्याची दमणूक होती. "गावात तर तुमच्याकडं म्हैस आहे म्हणतात. पोलिसानं नोटीस बजावली त्यावर लिहून दिलंय, म्हैस सुस्थितीत पाहिली. ती कुठली?"

आप्पानं पाठीमागून बेगमबीच्या पदराला हळूच ओढ दिली. पण ती ह्याच एका प्रश्नासाठी आली होती.

"ती हिची वगार. हिच्याच पोटची. लोक तिला कोर्टाची म्हणतेत, म्या बी म्हणू दिलं. आता तुम्ही सांगा भाऊसाहेब, ती बी तुमची का? हो म्हणला तर आणून हितं बांधते, आन् तुमीच धार काढा. न्हाय म्हणला तर म्या तिला विकते आन् लेकीकडं जाते. गुडघे गेलेत माझे. एवढंच इचारायला आले."

कृष्णराजनं कवटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "हे मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "साहेबांपुढं ठेवतो. बसा."

पुन्हा बसले. चारच्या पुढं पुकारा झाला. कृष्णराजनं फाईल घेतली आणि कवटी शिपायाला घ्यायला सांगितलं. शिपाई म्हणाला, मी हात लावणार नाही, माझा गुरुवार आहे. शेवटी आप्पानंच ती छातीशी धरून कोर्टात नेली. न्यायाधीश बाई होत्या, वयानं तबस्सुमएवढ्या. कवटी बघून त्यांनी पेन खाली ठेवलं. फोटो मागवला, शिंग जवळून दाखवायला सांगितलं. बेगमबीचा जबाब घेतला, आप्पाचा घेतला. खड्डा कुणी काढला, कधी काढला, आज कुणी उकरला. आप्पा म्हणाला, "काढला बी म्या, उकरला बी म्या. मजुरी कुनीच दिली न्हाय." बाईंनी ओठ दाबून धरले.

मग त्यांनी सांगितलं. खटल्यातला मुद्देमाल एकच म्हैस. ती मेली असं दिसतं. पोलिसांनी गावात जाऊन चौकशी करून अहवाल द्यावा, मग पुढच्या तारखेला सुपुर्दनामा रद्द करायचं बघू. तिला झालेलं पिल्लू मुद्देमालात नाही. ते बेगमबीचं.

"म्हंजी विकू?" बेगमबीनं विचारलं.

"विका."

बेगमबी कठड्याला धरून उभी होती, तशीच उभी राहिली. कृष्णराज म्हणाला, "आजी, झालं. चला."

झालं नव्हतं. ऑफिसात आल्यावर प्रश्न निघाला, अहवाल येईपर्यंत कवटी ठेवायची कुठं? मुद्देमालाच्या खोलीत जागा नव्हती, आणि असली तरी उंदीर होते. शिंगं कुरतडली तर पुरावा गेला. कृष्णराजनं डोकं खाजवलं, कपाटाकडं बघितलं, खोलीकडं बघितलं, आणि मग एक कोरा कागद काढला.

"काय लिवताय?" आप्पानं विचारलं.

"सुपुर्दनामा. कवटी एक, शिंगांसह. विकणार नाही, कुणाला देणार नाही, रूप बदलणार नाही, बोलावलं की हजर करू."

"आन् जामीन?"

"तुम्हीच की आप्पा. दुसरं कोण आहे?"

"म्या शिंगाला जामीन राहू? सगळं गाव म्हणंल शरणबसप्पा हाडाला जामीन राहिला!"

"म्हशीला राहिला तवा कुणी काय म्हणलं न्हाय," बेगमबी म्हणाली. "करा सही. ही काय खातीया पितीया?"

आप्पानं सही केली, एकेक अक्षर उपटून काढल्यासारखी. बेगमबीनं अंगठा उठवला. कृष्णराजनं पुढची तारीख सांगितली, कागदावर शिक्का मारला आणि मोटारसायकलवाल्या बाईला हाक मारली. ती अजून बसलीच होती.

स्टँडवर शेवटच्या एस्टीची वाट बघत दोघं बाकावर बसले. पोतं बेगमबीच्या पायाशी. आप्पा म्हणाला, "वगार मला द्या. म्या बाजारभावानं घेतो, दलालाचं घर कशाला भरता?"

"तुम्हाला धार काढता येती?"

"शिकतो."

"बघू," ती म्हणाली. मग पोत्याकडं बघून, "ही शिंगं तुमच्याकडं ठिवता का? म्या सोलापूरला कुठं नेऊ?"

"न्हाय बा. जामीन म्याच, सांभाळायचं बी म्याच? तारखेला तुम्हीच घिऊन यायचं. कागदावर तुमचा अंगठा हाय."

बेगमबीनं पिशवीतून फोन काढला. अंगठ्याला शाई होती, ती बटणावर लागली. तबस्सुमनं पहिल्याच रिंगला उचलला.

"अम्मी, क्या हुआ?"

"हुआ. वगार अपनी है बोले. बेच डालती मैं. आती."

"सच्ची? अल्ला! कब आते?"

"बाजार हुआ की आती. सुन, मेरे साथ सिंगां हैं."

"सिंगां? कायके सिंगां?"

"बुड्ढी भैंस के. कोर्ट ने रखने दिए. तारीख कू लाना बोले."

"अम्मी, यहाँ दो कमरे हैं. लोगां आते जाते. घर में सिंगां कां रखना?"

"तो भैंस लाऊं?" बेगमबीनं विचारलं.

आप्पा खोकला की हसला ते कळलं नाही. एस्टी वळून आत येत होती. माणसं उठली, रेटारेटी सुरू झाली. बेगमबीनं फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हातानं पोतं उचललं.

"सिंगां चलते," तबस्सुम म्हणाली.